कडी-कोयंडा तुटल्यावर : घरफोडीचे पहिले काही तास

सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांत वर्षातील बराच काळ कुलपात राहणारी घरे गावोगाव आढळतात आणि त्यामागची कारणे या प्रदेशाच्या जगण्यातच आहेत. पाटण आणि जावळीच्या डोंगरी भागातील कुटुंबे माथाडी कामासाठी मुंबईला गेली. खानापूर, आटपाडी आणि तासगाव तालुक्यांतील गलाई व्यावसायिक, म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करणारे कारागीर, देशभरातील सराफ पेठांत जाऊन स्थिरावले. पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातील मेंढपाळ चाऱ्यामागे फिरत राहिले. आणि गावात मागे उरले ते वृद्ध आई-वडील, नाहीतर दाराला लावलेले कुलूप. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली शहर आणि नदीकाठच्या गावांतील असंख्य कुटुंबांना नेसत्या वस्त्रांनिशी घर सोडावे लागले, तेव्हा पाण्याच्या भीतीइतकीच मागे राहिलेल्या घराची काळजीही लोकांना जड जात होती. घरफोडी हा गुन्हा मुख्यतः अशा गैरहजेरीवर पोसला जातो. घरात कोणी नाही याची खात्री करून चोर आत शिरतो, कारण त्याला माल हवा असतो, माणूस नको असतो. आणि म्हणून या गुन्ह्यातील सर्वांत धोक्याचा क्षण कुलूप तुटण्याचा नसून, चोर आणि घरातील माणूस अनपेक्षितपणे समोरासमोर येण्याचा असतो. तो क्षण टाळणे आणि तो टळल्यावर घटनास्थळाची व चोरीस गेलेल्या वस्तूंची माहिती जपणे, ही दोन कामे नीट झाली तर जिवाची हानी बहुधा टळते आणि मालाच्या शोधालाही आधार मिळतो.

कायद्यानेही या समोरासमोर येण्याचे गांभीर्य ओळखलेले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०३ मध्ये साध्या चोरीची व्याख्या आहे, तर कुलूप तोडून, भिंतीवरून चढून किंवा माणसांच्या ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने घरात शिरणे ही घरफोडी ठरते. चोरीच्या हेतूने केलेल्या घरफोडीला कलम ३३१ नुसार १० वर्षांपर्यंत, आणि ती सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली असल्यास १४ वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. चोरी करताना किंवा माल घेऊन पळताना चोराने कोणाला मारहाण केली अथवा तत्काळ मृत्यूची वा दुखापतीची भीती घातली, तर तोच गुन्हा कलम ३०९ खाली जबरी चोरी होतो. आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली वा तसा प्रयत्न केला, तर तो कलम ३१० खालील दरोडा ठरतो, ज्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. रिकाम्या घरातील चोरी आणि जबरी चोरी यांच्यामधले अंतर पुष्कळदा एका किंकाळीचे किंवा अडवलेल्या दरवाजाचे असते.

बाहेरगावाहून परतल्यावर दाराचा कोयंडा उचकटलेला, कुलूप खाली पडलेले, खिडकीचा गज वाकलेला किंवा आत दिवा लागलेला दिसला, तर स्वाभाविक ओढ आत धावण्याची असते आणि ती आवरणे हेच पहिले संरक्षण आहे. चोर गेलेला आहे असे गृहीत धरायला त्या वेळी कोणताही आधार नसतो. तो माजघरात किंवा माळ्यावर असू शकतो, त्याच्या हातात कटावणी असू शकते आणि त्याचा साथीदार परड्याच्या बाजूला पहाऱ्यावर उभा असू शकतो. म्हणून उंबरा न ओलांडता, दाराला हात न लावता आणि मोठ्याने हाक न मारता मागे फिरावे, मुलांना व वृद्धांना सोबत घेऊन शेजारच्या घरात किंवा उजेडाच्या, वर्दळीच्या जागी जावे आणि तेथून पोलिसांना कळवावे. पोलिस येईपर्यंत घरावर दुरून लक्ष ठेवता येते, परंतु पुढच्या व मागच्या दाराशी माणसे उभी करून घर वेढणे योग्य नाही. बाहेर पडण्याची वाट बंद झाली की पळू पाहणारा माणूस हल्ला करतो; त्याला निघून जाऊ देणे हा भित्रेपणा नव्हे, तर घरच्या आणि शेजारच्या माणसांच्या जिवाची किंमत ओळखणे आहे.

महाराष्ट्रात पोलिस, अग्निशमन आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ हा एकच क्रमांक आहे. त्यावर केलेला फोन नवी मुंबई किंवा नागपूर येथील राज्यस्तरीय केंद्रात घेतला जातो, तेथून संबंधित जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि पुढे जवळच्या गस्तीवाहनातील संगणकीय फलकावर तो पाठवला जातो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, फोन घेणारी व्यक्ती साताऱ्याची किंवा मिरजेची नसते, तिला ‘देशमुखांच्या वस्तीवर’ एवढ्यावरून काहीच कळत नाही, आणि म्हणून पहिले वाक्य जिल्हा, तालुका, गाव व खुणेचे ठिकाण सांगणारे असले पाहिजे. काय घडले ते त्यानंतर. फोन मध्येच तुटला तरी पत्ता पोहोचलेला असतो. मळ्यातील घरांना क्रमांक नसतात, रस्त्यांना नावे नसतात, त्यामुळे जवळचे देऊळ, कालव्याचा पूल, विजेचे रोहित्र म्हणजे लोक ज्याला डीपी म्हणतात ते, आणि पक्क्या रस्त्यापासूनचे अंतर अशा तीन-चार खुणा कागदावर लिहून फोनच्या जागेजवळ लावून ठेवाव्यात, म्हणजे घाबरलेल्या अवस्थेत घरातील शाळकरी मुलालाही त्या वाचून दाखवता येतील. तालुक्याच्या पोलिस ठाण्याचा आणि गावच्या पोलिस पाटलाचा क्रमांकही याच कागदावर असावा. पोलिस पाटील हा महाराष्ट्र ग्रामपोलिस अधिनियम, १९६७ खाली नेमलेला गावपातळीवरील अधिकारी असून, गुन्ह्याची खबर ठाण्याला देणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

घरात माणसे झोपलेली असताना चोर शिरला, तर प्रसंग अधिक अवघड होतो. या भागातील रात्रीच्या घरफोड्यांत आजूबाजूच्या घरांच्या दारांना बाहेरून कड्या लावण्याची पद्धत पोलिसांच्या चांगल्या परिचयाची आहे. शेजारी जागे झाले तरी त्यांना मदतीला येता येऊ नये, एवढाच तिचा हेतू असतो. आपले दार बाहेरून लावलेले आढळणे ही म्हणूनच मोठी सूचना आहे, आणि अशा वेळी दाराशी झटापट करण्यात वेळ न घालवता ११२ ला फोन करणे व गावातील दुसऱ्या आळीला जागे करणे अधिक उपयोगी ठरते. ज्या घरात चोर असल्याची शंका आहे, तेथील माणसांनी शक्य असल्यास एका खोलीत एकत्र यावे, आतून कडी लावावी, दारामागे जड वस्तू सरकवावी, फोनचा आवाज बंद करून हळू आवाजात पत्ता सांगावा. खोलीत सुरक्षित असताना आरडाओरडा करणे किंवा भांडे वाजवणे फायद्याचे होऊ शकते, कारण चोराला पळून जाण्यास वाट असते. पण तोच चोर हाताच्या अंतरावर उभा असेल, तर अचानक ओरडण्याने तो बिथरतो. म्हणून आवाज करावा की नाही याचे उत्तर मध्ये बंद दार आहे की नाही यावर ठरवावे.

दार मध्ये नसेल आणि समोर शस्त्रधारी माणूस असेल, तर त्याने मागितलेले देऊन टाकावे. गळ्यातील गंठण, हातातील पाटल्या, कपाटाची किल्ली यांपैकी कशासाठीही झटापट करण्यासारखे काही नाही. हात दिसतील असे ठेवावेत, हालचाल करण्यापूर्वी ती सांगावी, म्हणजे ‘किल्ली उशीखाली आहे, काढून देतो’ असे बोलून मगच हात न्यावा, आणि चेहऱ्याकडे रोखून पाहू नये. तरीही निरीक्षण चालू ठेवता येते. उंची, चाल, बोलण्याची ढब, एकमेकांना मारलेल्या हाका, हातावरचे गोंदण, पायांतील वहाणा, वाहनाचा आवाज आणि ते कोणत्या दिशेने गेले, हे तपशील चेहरा झाकलेला असतानाही लक्षात राहतात आणि तपासात पुष्कळ वेळा तेच उपयोगी पडतात. चोर गेल्यावर घरातील माणसांनी एकमेकांशी चर्चा करण्याआधी प्रत्येकाने आपापली आठवण वेगळी लिहून काढावी, कारण चर्चेत सगळ्यांची आठवण नकळत सर्वांत ठामपणे बोलणाऱ्याच्या आठवणीसारखी होते.

येथे खासगी बचावाच्या हक्काचा प्रश्न येतो, आणि त्याविषयी गावगप्पांत जितके बोलले जाते तितके नेमके माहीत नसते. स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्यासाठी आवश्यक तेवढे बळ वापरण्याचा अधिकार म्हणजे हा हक्क होय, आणि भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो दिलेला आहे. जबरी चोरी आणि रात्रीची घरफोडी यांच्या बाबतीत कलम ४१ हा हक्क अगदी हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत ताणण्याची मुभा देते, हे खरे आहे. परंतु कलम ३७ त्यावर दोन बंधने घालते : पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही, आणि बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. शिवाय रात्रीच्या घरफोडीपुरता हा हक्क घरातील तो बेकायदा शिरकाव चालू असेपर्यंतच टिकतो. रिकाम्या हातांनी पळून जाणाऱ्याचा शिवारात पाठलाग करून त्याला कुऱ्हाडीने मारणे, किंवा पकडून झाडाला बांधलेल्या माणसाला सर्वांनी मिळून बदडणे, हे बचावात मोडत नाही. तो नवा गुन्हा असतो आणि त्याचा आरोपी फिर्यादीच्या घरातलाच असतो. सामान्य नागरिकाला आपल्यासमोर दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडता येते, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार त्याला विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत ६ तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते.

गावाने मिळून चोराला तोंड देण्याची या प्रदेशातील परंपरा जुनी आहे, आणि तिच्यात आजही घेण्यासारखे बरेच आहे. मराठेशाहीतील गावगाड्यात रात्रीच्या राखणीसाठी जागल्या असे. सातारा-पुण्याच्या भागात ही जबाबदारी प्रामुख्याने रामोशी समाजाकडे होती. पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन आहे : गावात कोण आले, कोण गेले याची नोंद ठेवणे, रात्री फिरणे, आणि चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढत गावच्या शिवेपर्यंत जाणे हे राखणदाराचे काम असे. माग शेजारच्या गावाच्या हद्दीत शिरला की पुढची जबाबदारी त्या गावाच्या राखणदाराकडे जाई. माग ज्या गावात हरवला, त्या गावाला चोरीची भरपाई देण्यास जबाबदार धरले जाई. या पद्धतीत चोराशी लढण्यापेक्षा त्याची पावले न पुसू देण्याला महत्त्व होते. पुढे १९४३ ते १९४६ या काळात ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारलाही दरोडेखोरांचा बंदोबस्त हे आपले एक मुख्य काम मानावे लागले. तेव्हा आजच्या सांगलीचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता, दक्षिण सातारा म्हणून तो १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

या परंपरेचे आजचे रूप म्हणजे दोन्ही जिल्ह्यांतील अनेक गावांनी स्वीकारलेली ग्राम सुरक्षा यंत्रणा. या व्यवस्थेत गावातील नागरिकांचे भ्रमणध्वनी आधी नोंदवलेले असतात. संकटात सापडलेल्या नोंदणीकृत व्यक्तीने १८००२७०३६०० या निःशुल्क क्रमांकावर फोन करून आपला निरोप सांगितला की तो तिच्याच आवाजात परिसरातील सर्व नोंदणीकृत फोनवर एकाच वेळी ऐकू जातो. बाहेरून कडी लागलेल्या घरातील माणसाला ही सोय किती मोलाची आहे हे वेगळे सांगायला नको; मात्र गावाची आणि आपल्या फोनची नोंदणी झालेली आहे का, हे शांततेच्या दिवसांत पोलिस ठाण्यात विचारून ठेवावे लागते. निरोपही नेमका असावा. ‘चोर आले’ एवढ्याने गाव सैरावैरा धावते. कोणत्या वस्तीवर, किती जण, कोणत्या वाहनाने आणि कोणत्या दिशेला, हे सांगितले तर लोक आपापले दिवे लावतात, रस्त्याच्या तोंडाशी घोळक्याने उभे राहतात आणि पोलिसांना वाहनाची माहिती देऊ शकतात.

घोळक्याचा हा उपयोग आणि घोळक्याचा धोका यांच्यामध्ये फारसे अंतर नाही, ही गोष्ट सांगली जिल्ह्याने पाहिलेली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातील लवंगा येथे मुले पळवणारी टोळी समजून उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना जमावाने मारहाण केली. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेने मंगळवेढा परिसरातील नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा, आणि १६ एप्रिल २०२० रोजी पालघरमधील गडचिंचले येथे दोन साधूंचा व त्यांच्या वाहनचालकाचा जीव घेतला. अनोळखी भाषा, फिरते जगणे, अंगावरचा वेगळा वेश यांवर संशयाची पहिली नजर पडते, आणि या नजरेला इतिहास आहे : १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, जो पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला, अनेक भटक्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी शिक्का मनांतून गेलेला नाही. गावात अनोळखी माणूस दिसला तर पोलिस पाटलाला कळवावे, विचारपूस पोलिसांनी करावी, आणि त्याचे छायाचित्र ‘चोर’ या मथळ्याखाली व्हॉट्सअॅप गटांत फिरवू नये. ज्या घरात चोरी झाली आहे त्या घराचा संताप समजण्यासारखा आहे, पण एखाद्या निरपराध माणसाच्या रक्ताने तो शमणे ही चोरीपेक्षा कितीतरी मोठी हानी आहे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या गुन्ह्यांतही मालापेक्षा जीव मोठा हेच तत्त्व लागू पडते, पण तेथे माणसे दिवसा उजेडी हजर असतात आणि गुन्हेगार बहुधा तयारीने आलेले असतात. ४ जून २०२३ रोजी, रविवारी, सांगली-मिरज रस्त्यावरील एका मोठ्या सराफी दालनात भरदिवसा सशस्त्र दरोडा पडला. पोलिस असल्याची बतावणी करून आत आलेल्यांनी कर्मचाऱ्यांना शस्त्रांच्या धाकात धरले, गोळीबार केला आणि दागिने घेऊन पोबारा केला. तपासाचे धागे पुढे बिहारमधील टोळीपर्यंत पोहोचले. तोतया पोलिस ही युक्ती नवी नाही. पुढे खून झाला आहे, दागिने काढून रुमालात बांधा, असे सांगून रस्त्यावर वृद्ध स्त्रियांना फसवणारेही तिचाच वापर करतात. म्हणून साध्या वेशातील कोणी चौकशीसाठी आला, तर ओळखपत्र पाहून स्थानिक ठाण्यात किंवा ११२ वर खातरजमा करण्याचा नियम दुकानात, पतसंस्थेत आणि गोदामात आधीच ठरलेला असावा आणि त्याची अंमलबजावणी दाराशी, आतले जाळीचे दार उघडण्यापूर्वी, झाली पाहिजे. शस्त्र बाहेर निघाल्यावर मात्र त्या नियमाचा काळ संपलेला असतो. तेव्हा सांगितल्याप्रमाणे वागावे, पळण्याचा प्रयत्न करू नये, आणि छुपी घंटा दाबणे दिसणार असेल तर तीही दाबू नये. मालकाने नोकरांना हे स्पष्ट शब्दांत सांगून ठेवणे त्याचे कर्तव्य आहे, कारण माल वाचवला नाही तर नोकरी जाईल या भीतीने अनेकदा सर्वांत कमी पगाराचा माणूस सर्वांत पुढे जातो.

जुलै २०२२ मध्ये कराड येथे जिलेटिनच्या स्फोटाने एटीएम फोडण्याचा प्रयत्न झाला. अशा प्रसंगी लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, चोर पळाल्यानंतरही जागा सुरक्षित झालेली नसते. वायर जोडलेली पाकिटे, गॅसची टाकी, कापणीयंत्र असे काहीही मागे पडलेले दिसले, तर त्याला हात लावू नये, जवळ जाऊन चित्रण करू नये आणि बॉम्बशोधक पथक येईपर्यंत लोकांना दूर ठेवावे. घरफोडीतही स्वयंपाकघरात गॅसचा वास आला, तर दिव्याचे बटण न दाबता बाहेर पडावे.

धोका टळल्यावर दुसरे काम सुरू होते. विस्कटलेले कपाट, जमिनीवर पसरलेल्या साड्या, देवघरातील उलटी पडलेली डबी हे दृश्य पाहून घरातील बाई पहिल्यांदा आवरायला घेते, आणि धीर द्यायला आलेले शेजारी आत-बाहेर करू लागतात. या दोन्ही गोष्टी प्रेमापोटी घडतात आणि दोन्ही तपासाची हानी करतात. बोटांच्या टोकांवरील घाम व तेलकटपणा गुळगुळीत पृष्ठभागावर उमटून ठसा तयार होतो. कपाटाची काच, स्टीलचा डबा, चोराने पाणी प्यायलेला तांब्या यांवर तो चांगला मिळतो आणि एका फडक्याने तो पुसला जातो. मिळालेला ठसा संगणकीय संग्रहातील गुन्हेगारांच्या ठशांशी ताडून पाहता येतो. महाराष्ट्र पोलिसांची अशी व्यवस्था आहेच, शिवाय ऑगस्ट २०२२ पासून देशपातळीवर नाफिस नावाची प्रणाली सुरू झालेली असल्याने परराज्यातील टोळ्यांचाही मागोवा घेता येतो. श्वानपथकाच्या कुत्र्याला चोराने हाताळलेल्या वस्तूचा वास लागतो, आणि त्या वस्तूवर दहा जणांचे हात पडले की त्याचा माग भरकटतो. जुन्या जागल्याला जसे पाऊल जपावे लागे, तसेच हे आहे. एका माणसाने दाराशी थांबून सर्वांना बाहेर ठेवावे. अंगणात पाऊलखूण किंवा चाकाची खूण असेल आणि पावसाची चिन्हे असतील, तर तिच्यावर घमेले पालथे घालावे. सीसीटीव्हीच्या यंत्राला हात न लावता त्याची वेळ बरोबर आहे का, एवढेच पाहून ठेवावे, आणि जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते ही बाब पोलिसांच्या लगेच लक्षात आणून द्यावी लागते.

फिर्याद देताना, म्हणजे गुन्ह्याची पहिली खबर नोंदवताना, बहुतेकांची अडचण चोरीस गेलेल्या वस्तूंच्या यादीपाशी होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी कोणत्याही ठाण्याला खबर नोंदवून घ्यावी लागते आणि तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. गलाईच्या धंद्यासाठी दूरच्या राज्यात असलेल्या घरमालकाला संगणकीय मार्गाने खबर पाठवून ३ दिवसांच्या आत तिच्यावर सही करण्याचीही सोय आहे. पण ‘सोन्याचे दागिने, अंदाजे दहा तोळे’ या नोंदीचा तपासाला उपयोग जवळजवळ नसतो. बोरमाळेत किती मणी होते, ठुशीचा फासा कोणत्या घडणीचा होता, पाटलीवर कोणत्या सराफाचा शिक्का होता, हे सांगता आले तर सापडलेला दागिना ओळखता येतो. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यांवर एचयूआयडी हा अक्षरे व अंक मिळून ६ चिन्हांचा, प्रत्येक नगाला वेगळा असलेला क्रमांक असणे बंधनकारक झाले आहे, आणि दागिन्यांची छायाचित्रे व बिले यांच्यासह तो लिहून घराबाहेर, म्हणजे मुलीकडे किंवा बँकेच्या तिजोरीत, ठेवणे शहाणपणाचे आहे. मात्र सोने १,०६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि भट्टी पेटवलेली असली की मणी, शिक्का व क्रमांक यांचे काही शिल्लक राहात नाही, हे गलाईच्या या मुलखाला कोणी शिकवण्याची गरज नाही. म्हणूनच खबर उशिरा देण्याची किंमत सोन्याच्या बाबतीत फार मोठी असते.

यादी खरीच असली पाहिजे. विम्याच्या आशेने वाढवलेला किंवा प्राप्तिकराच्या भीतीने कमी सांगितलेला आकडा पुढे मालकाच्याच आड येतो, कारण फिर्यादीत नसलेला दागिना सापडला तरी तो आपला म्हणून मागणे कठीण होते. पंचनामा, म्हणजे दोन साक्षीदारांसमोर केलेली घटनास्थळाची लेखी नोंद, वाचून पाहिल्याखेरीज तिच्यावर सही करू नये. मार्च २०१६ मध्ये मिरजेत सापडलेल्या रोकडीतून उघडकीला आलेल्या वारणानगर चोरी प्रकरणात तर तपास करणाऱ्या सांगली पोलिसांतील काही जणांवरच रक्कम लाटल्याचे आरोप ठेवले गेले, आणि मोजणी व नोंद यांचे महत्त्व सर्वांना कळले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण आवश्यक केले आहे. ही तरतूद प्रामाणिक पोलिसाला आणि फिर्यादीला सारखीच उपकारक आहे.

चोरीबरोबर कागदपत्रे व फोन गेले असतील, तर त्याच दिवशी बँकेला कळवून कार्ड व धनादेश थांबवावेत आणि केंद्र सरकारच्या सीईआयआर संकेतस्थळावर फोनचा ओळख क्रमांक देऊन तो निकामी करावा. विमा असल्यास कंपनीला ताबडतोब कळवावे आणि तुटलेला कोयंडा दुरुस्त करण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, कारण घरफोडीच्या विम्यात बहुधा बळजबरीने आत शिरल्याचा पुरावा लागतो. चोर सापडलाच नाही, तर पोलिस ‘अ’ वर्ग समरी, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी अज्ञात असा अहवाल, न्यायालयात देतात आणि विम्यासाठी तो उपयोगी पडतो. घरातील वृद्ध आणि मुले यांच्या मनावरील आघात मात्र कोणत्याही यादीत येत नाही. रात्री बारीक आवाजाने दचकणे, एकटे घरात न थांबणे, स्वतःला दोष देत राहणे हे काही आठवडे चालणे स्वाभाविक आहे. ते लांबले तर टेली मानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही समुपदेशन मिळते. ‘कुलूप नीट लावले होते का’ हा प्रश्न घरच्यांनी सुनेला किंवा म्हातारीला विचारत राहू नये.

माल सापडल्यावर तो थेट मालकाच्या हाती येत नाही, ही बाब अनेकांना निराश करते. जप्त झालेला मुद्देमाल न्यायालयाच्या ताब्यात मानला जातो आणि तो परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. दागिने वर्षानुवर्षे ठाण्याच्या कोठडीत पडून राहू नयेत, छायाचित्रे व पंचनामा करून ते लवकर परत द्यावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात दिला, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने आता त्यासाठी मुदती घातल्या आहेत : न्यायालयाने १४ दिवसांत मालाचे वर्णन करून घ्यावे आणि त्यानंतर ३० दिवसांत त्याची विल्हेवाट लावण्याचा आदेश द्यावा. अर्जासोबत फिर्यादीची प्रत, बिले किंवा दागिने अंगावर असलेली लग्नकार्यातील जुनी छायाचित्रे जोडता येतात. दागिने बंधपत्रावर परत मिळाले असतील, तर त्यातील अटींप्रमाणे ते खटला संपेपर्यंत विकू वा मोडू नयेत आणि न्यायालयाने मागितल्यास हजर करावेत.